तहकूब सभेचे गाव

गेल्या आषाढात आमच्या गावात विशेष ग्रामसभा झाली. बहुतेक घरांनी ज्या सरपंचाला मनातून केव्हाच खाली उतरवले आहे, त्याला त्या सभेने कायद्याने पुन्हा खुर्चीवर बसवले. त्याआधी झालेल्या बैठकीत नऊपैकी आठ सदस्यांनी त्याच्यावर अविश्वास दाखवला होता. तेवढ्याने भागत नाही, कारण थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचाच्या बाबतीत सदस्यांचा ठराव ग्रामसभेने गुप्त मतदानाने मान्य करावा लागतो. ते मतदान झाले तेव्हा पाऊस कोसळत होता, मळ्यांत भाताची लावणी ऐन भरात होती आणि ज्या बायकांनी वर्षभर पाण्याच्या हंड्यांवरून या माणसाचे नाव घेतले होते त्यांतल्या निम्म्या गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. ठराव थोड्या मतांनी पडला. संध्याकाळी सरपंचाच्या वाडीत फटाके वाजले, आणि आमच्या शेजारची ऐंशी ओलांडलेली आजी खळ्यात बसून एवढेच म्हणाली, "तेका आमीच बसयलो. आता उठयतलो कोण?"

तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे. गावाचे नाव लिहीत नाही आणि त्या माणसाचेही नाही. राजापूर आणि देवगड यांच्या मधल्या पट्ट्यात, सड्यावरून, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावरून, उतरत खाडीला टेकणारी अशी कितीतरी गावे आहेत, त्यांपैकी हे एक असे समजावे.

त्याला मतदान करणाऱ्यांत मीही होते, आणि तेव्हाचे माझे मत चुकीचे होते असे मी आजही म्हणणार नाही. मुंबईत पोस्टात नोकरी करून आम्ही दोघे २०१९ मध्ये गावी परतलो आणि पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली. मे महिन्यात चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावाकडे निघाले, तेव्हा भीतीपोटी अनेक वाड्यांनी आपल्याच माणसांसाठी वाटा बंद केल्या होत्या. त्या दिवसांत हा माणूस शाळेच्या ओट्यावर राहिला. आलेल्यांची विलगीकरणाची सोय त्याने केली, त्यांच्यासाठी पेज-भाजीचे टोप चुलीवर चढवले आणि कोणाच्या म्हाताऱ्या आईची गोळी संपली तर स्वतः मोटारसायकलवरून जाऊन आणली. पुढच्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले, हाताशी आलेला हापूस जमिनीवर पडला आणि रस्ते झाडांनी बंद झाले. त्या वेळीही कोयता घेऊन पहिला बाहेर पडलेला हाच होता. डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत तो उभा राहिला, तेव्हा त्याच्यासाठी प्रचार करावा लागला नाही. सत्तेला चिकटलेल्या माणसाविषयी बोलताना आपण त्याला जन्मापासूनच लोभी ठरवतो. हा तसा नव्हता, आणि म्हणूनच त्याचे आजचे वागणे अधिक लागते.

बिघडायला सुरुवात झाली ती चिरेखाणीपासून. सड्यावरची गावठाणाला लागून असलेली जमीन बाहेरच्या माणसाने घेतली आणि तिथे जांभ्या दगडाची खाण सुरू करण्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला गेला. तो केव्हा गेला आणि कोणत्या ठरावाने गेला, हे गावाला दाखला गेल्यानंतर समजले. डंपर सुरू झाले, दोन पावसाळ्यांत मुख्य रस्त्याची चाळण झाली आणि सड्यावरून पाझरत येणाऱ्या ज्या झऱ्यावर खालच्या दोन वाड्या एप्रिलअखेरपर्यंत निभावत असत, तो शिमग्यानंतर लगेच आटू लागला. झरा आटण्याचे कारण खाणच आहे असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्यासाठी जाणकाराने पाहणी करायला हवी. पण तशी पाहणी व्हावी एवढी साधी मागणीसुद्धा ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घेतली गेली नाही.

पाण्याच्या योजनेचीही तीच गत झाली. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली आणि प्रत्येक ग्रामीण घरात नळाने, माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठरले. आमच्या गावात नळ पोहोचले. माझ्या मागील दारी तो आहे, त्याची तोटी पितळेची आहे आणि मार्चपासून मृगापर्यंत तिच्यातून हवा येते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, याचे सगळे खापर एका सरपंचावर फोडणे अन्यायाचे होईल. जांभ्याचा सडा पाणी धरून ठेवत नाही आणि ते उताराने सरळ खाडीला जाते, ही या भूमीची रचनाच आहे. तक्रार निराळी आहे. विहिरीची जागा कोणी निवडली, साठवण टाकी अर्धी का राहिली, पाणी आणि स्वच्छतेसाठीच वापरायचा असा वित्त आयोगाचा बंधित निधी नेमका कुठे खर्च झाला, हे विचारणाऱ्याला उत्तराऐवजी "तुमचे घरपट्टीचे पैसे भरलेत का?" असा उलट प्रश्न येतो. एका तरुणाने माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर त्याच्या वडिलांचे घर दुरुस्तीचे कागद पुढचे चार महिने पुढे सरकले नाहीत.

आणि मग ग्रामसभा. या माणसाने सत्ता टिकवण्याची जी युक्ती साधली आहे ती मारहाणीची नाही आणि पैशांचीही नाही. ती तहकुबीची आहे. ग्रामसभेला गावाच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजर असावी लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट उरत नाही. अडचणीच्या गावांत कामकाज अडून राहू नये, या चांगल्या हेतूने केलेली ही सवलत आहे. आमच्याकडे तिचा उपयोग असा झाला, की पहिली सभा मुद्दाम अशा दिवशी आणि अशा वेळी लावायची की माणसे येऊच शकणार नाहीत. कधी आठवडा बाजाराच्या दिवशी, कधी काजूच्या ऐन हंगामात सकाळी दहाला, कधी शेजारच्या गावची जत्रा असताना. दवंडी वरच्या वाडीत पिटली जाते, खाडीकडच्या वाडीत कागद चिकटवला जातो आणि तो पावसाने भिजून गळून पडतो. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब होते. दुसऱ्या सभेला सरपंचाच्या भावकीतील पंधरा-वीस माणसे येतात आणि अर्ध्या तासात वर्षभराचा आराखडा मंजूर होतो. सभाच न घेणाऱ्या सरपंचाला कायदा अपात्र ठरवू शकतो, त्यामुळे हा माणूस एकही सभा चुकवत नाही. वहीतील नोंदी पाहिल्या तर यापेक्षा नियमाने चालणारी ग्रामपंचायत सापडायची नाही.

थेट सरपंच निवडण्याची पद्धत आपल्या राज्यात २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. मी त्या पद्धतीच्या बाजूची होते. त्यापूर्वी सदस्य आपल्यातून सरपंच निवडत आणि आमच्या गावाने त्याचेही पुष्कळ भोगले आहे. निवडीच्या आधी चार सदस्य कोणाच्या तरी गाडीतून कोल्हापूरला नाहीतर गोव्याला 'सहलीला' जात आणि थेट सभेच्या सकाळी उगवत. एका मुदतीत तीन सरपंच झाले आणि तिघांनीही आधीच्याची कामे अर्ध्यावर सोडली. त्यामुळे लोकांनी निवडलेल्या माणसाला दोन-चार सदस्यांच्या रुसव्याफुगव्यांनी पाडता येऊ नये, ही व्यवस्था मला आजही योग्य वाटते. निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षे अविश्वास आणता येत नाही, मुदत संपण्यापूर्वीचे सहा महिने आणता येत नाही, एरवीही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेची मान्यता लागते. चांगल्या सरपंचाला असे कवच हवेच. पण कवच बांधणाऱ्याने आत कोण बसणार याचा विचार केलेला नसतो आणि तो करणे शक्यही नसते. एकदा फसलेला ठराव लगेच पुन्हा आणता येत नाही. मध्ये जावी लागणारी मुदत आणि शेवटचे सहा महिने जमेस धरले, तर या सरपंचाला हटवण्याचा मार्ग आमच्यापुरता जवळजवळ संपल्यासारखाच आहे.

विश्वास गमावणे आणि पद गमावणे यांच्यामध्ये कायद्याने अंतर ठेवले आहे. ते अंतर ज्याने विश्वास गमावला त्यानेच आपल्या पायांनी चालून संपवावे, अशी अपेक्षा त्यामागे गृहीत आहे. कोणत्याही कायद्यात ती लिहिलेली नाही. सरपंचाला राजीनामा द्यायचा असेल तर तो पंचायत समितीच्या सभापतींकडे लेखी द्यायचा असतो, एवढेच कायदा सांगतो. केव्हा द्यावा, हे सांगणे कायद्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ते सांगणारे काहीतरी आत असावे लागते, आणि ते ज्याच्या आत उरले नाही त्याच्यापुढे नऊपैकी आठ सदस्य, रिकामे हंडे आणि उखडलेला रस्ता हे सारे मिळूनही हतबल ठरते.

पद सोडणाऱ्या माणसांची या किनाऱ्याला ओळख नाही असे नाही. चिंतामणराव देशमुख मूळचे रायगडच्या पायथ्याशी असलेल्या नाते गावचे, शिक्षणाने रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेले आणि देशाचे अर्थमंत्री होते. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्यावर कोणी अविश्वास आणला नव्हता. आपण ज्यांचे प्रतिनिधी आहोत त्यांच्या मनाविरुद्ध निर्णय होत असताना आपण त्या मंत्रिमंडळात बसू शकत नाही, एवढे त्यांना पुरले. आमच्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाने पुढे रेल्वेमंत्री झालेल्या मधू दंडवते यांना १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा लोकसभेत पाठवले आणि १९९१ मध्ये याच मतदारांनी त्यांना पराभूत केले. त्या पराभवाने त्यांचा मान तसूभरही कमी झाला नाही. आजही कोकण रेल्वेच्या गाडीत बसलेला एखादा म्हातारा त्यांचे नाव आदराने घेतो. उतरलेल्या माणसाची पत आमच्याकडे जात नाही. आमच्या सरपंचाने हे ध्यानात घेतले असते तर त्याच्या नावापुढे शाळेच्या ओट्यावरचे ते दिवस राहिले असते. आता ते दिवस कोणी आठवायलाही तयार नाही, आणि कोणी आठवलेच तर ऐकणारा चिडतो.

गावातील जुनी माणसे त्याला 'खोत', म्हणजे पूर्वीचा वंशपरंपरेने सारा वसूल करणारा जमीनदार, म्हणू लागली आहेत. हा शब्द आमच्याकडे सहज वापरला जात नाही. माझ्या आजेसासूने खोताच्या अंगणात वेठ केली होती. फणसाच्या पहिल्या फळापासून कोंबडीपर्यंत सगळ्यात त्याचा वाटा असे, आणि तो कोणी निवडलेला नसल्यामुळे त्याला काढण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ती व्यवस्था मोडायला कोकणाने फार मोठी किंमत मोजली. अलिबाग तालुक्यातील चरी परिसराच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि १९३९ पर्यंत जमिनी पडीक ठेवल्या. सहा वर्षे पेरणी न करता लाकूडफाटा विकून आणि मजुरी करून माणसे जगली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये. ज्यांच्या पणजोबांनी शेते पडीक ठेवून नको असलेली सत्ता झुगारली, त्यांना आज मतपत्रिकेवर एक शिक्का मारायचा होता. तो का मारला गेला नाही, हे आम्ही स्वतःला विचारले पाहिजे.

लावणी हे एक कारण झाले. दुसरे कारण चाकरमान्यांचे. गावच्या मतदारयादीत ज्यांची नावे आहेत त्यांतील मोठा भाग विरार, नालासोपारा, डोंबिवली, दिवा इथे राहतो. फोनवर आणि गणपतीच्या आरतीनंतर सरपंचाविषयी सगळ्यांत अधिक तावातावाने हीच मंडळी बोलतात. विशेष ग्रामसभेच्या दिवशी त्यांतली फार थोडी आली. मी त्यांना दोष देत नाही, कारण एका मतासाठी दोन दिवसांची रजा आणि रात्रभराचा उभ्याने प्रवास काय असतो ते मी तीस वर्षे अनुभवले आहे. मात्र सरपंचाने आपल्या बाजूच्यांसाठी मुंबईहून गाडी केली होती, हेही खरे आहे.

तिसरे कारण सांगताना मला सर्वांत जास्त वाईट वाटते. मतदान गुप्त होते तरी लोक घाबरले. चिठ्ठी कोणाची ते कळणार नाही हे ठाऊक असूनही, वाडीने कोणत्या बाजूला मत दिले ते कळेल अशी धास्ती होती. घरकुलाच्या यादीत नाव आहे, पाखाडीचे, म्हणजे वाडीतल्या पायवाटेचे, काम मंजूर व्हायचे आहे, मुलाला रहिवासी दाखला हवा आहे. प्रत्येक घराचा एखादा कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात अडकलेला असतो आणि कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत असते. माझ्या घरी कामाला येणारी बाई मतदानानंतर दोन दिवस माझ्याकडे पाहत नव्हती. तिसऱ्या दिवशी भांडी घासता घासता म्हणाली, "काकी, माजा घर मंजूर झाला हा. मी काय करू होतय?" मी तिला काही बोलले नाही. तिच्या जागी मी असते तर काय केले असते, याचे उत्तर मला देता आले नाही.

ठराव पडल्यापासून गावात जे चालले आहे ते त्या आधीच्या रागापेक्षा वाईट आहे. राग असताना माणसे निदान बोलत होती, पारावर भांडत होती, ग्रामपंचायतीच्या दारात जाऊन विचारत होती. आता "मरूंदे" हा शब्द वाढला आहे. नळाला पाणी नाही, मरूंदे. रस्त्यावर खडी पडली नाही, मरूंदे. दोन वाड्यांनी वर्गणी काढून स्वतःची बोअरवेल मारून घेतली आणि ज्यांच्याकडे वर्गणी नव्हती त्या मधल्या वाडीला कोणी विचारले नाही. ज्या आठ सदस्यांनी अविश्वास दाखवला, त्यांच्या प्रभागांतील कामांचा आराखड्यात उल्लेख नाही आणि त्यांतील दोघे पुन्हा सरपंचाच्या ओसरीवर दिसू लागले आहेत. एक माणूस खुर्चीत बसून राहिला म्हणून गावाचे पाणी किंवा रस्ता दोन वर्षे मागे पडेल, ते नंतर भरून काढता येईल. लोकांची एकत्र बसून विचारायची सवय मोडली तर ती पुढच्या सरपंचाच्या काळातही मोडलेलीच राहील, मग तो कितीही चांगला असो.

म्हणून मी गणपतीत सरपंचाला एक पत्र लिहिले आणि ते त्याच्या घरी जाऊन हातात दिले. त्याच्या आईने मला चहा दिला, करंजी दिली. पत्रात आरोप नव्हते. २०२० च्या मे महिन्यात शाळेच्या ओट्यावर त्याने माझ्या भाच्याला तापात वाफ कशी दिली होती ते लिहिले आणि खाली लिहिले, की गावाने तुला तेव्हा जो मान दिला तो परत मिळवायची संधी राजीनाम्यात आहे, खुर्चीत नाही. त्याने पत्र घडी घालून खिशात ठेवले. अजून उत्तर आलेले नाही.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा जाहीर झाली आहे, सकाळी साडेनऊला. तिच्या आधी महिलांची सभा होते, जी आमच्याकडे आजवर नुसत्या सह्यांवर झाली. आमच्या आणि मधल्या वाडीतील तेवीस बायकांनी त्या सभेला प्रत्यक्ष येऊन बसायचे कबूल केले आहे. हळव्या भाताची कापणी तोंडावर आहे, म्हणून कोणाचा कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, कोणत्या दिवशी कापायचा हे आम्ही आधीच आपसांत वाटून घेतले आहे. विचारायचे प्रश्न दोनच ठेवले आहेत. टाकीचे काम कधी पुरे होणार, आणि खाणीचा दाखला कोणत्या ठरावाने दिला. दोन्हीची उत्तरे इतिवृत्तात लिहून होईपर्यंत उठायचे नाही असे ठरले आहे. शेजारच्या आजीला चालवत नाही, तेव्हा तिच्यासाठी खुर्ची आणि पाण्याची बाटली घेऊन मी सव्वानऊलाच निघणार आहे.